फिल्म की डिजिटल? एक रोल, एक कार्ड आणि रामकुंडावरची एक सकाळ

माळ्यावर जुना यशिका कॅमेरा सापडला की माणूस दोन दिवस वेडा होतो. तिसऱ्या दिवशी मला फोन येतो, "हा चालू होईल का रे? की सरळ डिजिटल घेऊ?" नाशिकमध्ये फिल्मवर फोटो काढणारे थोडे, त्यामुळे असे फोन फिरत फिरत माझ्याकडे येतात. मी पंधरा वर्षं डिजिटलवर काढली, मग वडिलांचा कॅमेरा दुरुस्त करून फिल्मकडे गेलो आणि आता दोन्ही वापरतो. मधल्या काळात जे पैसे पाण्यात गेले, त्यातले निम्मे तरी तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

वादात पडू नका. "फिल्मचा रंगच वेगळा" म्हणणारे आणि "फिल्म म्हणजे नुसती नाटकं" म्हणणारे, दोघांनाही चहा पाजा आणि सोडून द्या. एक रोल विकत घ्या, एक डिजिटल कॅमेरा मागून आणा आणि एकाच सकाळी दोन्हींनी तेच फोटो काढा. पुढचं सगळं त्या एका प्रयोगासाठी आहे.

१. आधी पैसे कुठे जातात ते बघा

डिजिटलचा खर्च पहिल्याच दिवशी होतो. कॅमेरा, लेन्स, कार्ड, जादा बॅटरी घेतली की पुढचे दहा हजार फोटो जवळपास फुकट. फिल्मचं उलटं आहे. कॅमेरा घरातच सापडतो, म्हणून सगळं स्वस्त वाटतं. मग दर क्लिकला मीटर पडत राहतो.

हिशेब असा मांडा: रोलची किंमत, धुण्याचे पैसे, स्कॅनचे पैसे आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर यांची बेरीज करा आणि ३६ ने भागा, कारण एका रोलवर तेवढेच फोटो येतात. समजा सगळं मिळून दीड हजार झाले, तर एका फोटोला साधारण ४२ रुपये पडले. महिन्याला दोन रोल काढले तर वर्षाला छत्तीस हजार. तेवढ्यात वापरलेला चांगला डिएसएलआर लेन्ससकट येऊ शकतो. भाव सतत हलतात, त्यामुळे त्या दिवशीचे आकडे घालून स्वतः बेरीज करा. कागदावर करा, तोंडी नको. तोंडी हिशेबात कुरिअर हमखास विसरतं.

२. कॅमेरा पारखून घ्या

फिल्म कॅमेरा घरातला असो की विकतचा, एवढं तपासा:

- पाठीचं झाकण उघडा. कडेच्या खाचांमध्ये काळा फोम असतो. तो बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर उजेड आत शिरणार. फोम बदलता येतो, पण रोल घालण्याआधी.
- लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्सला ती लागतेच. ती केस कितीही देखणी असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका.
- शटर एक सेकंदावर लावून घड्याळाकडे बघत दाबा. एक सेकंदाचे दोन सेकंद होत असतील तर आतलं ग्रीस सुकलंय.
- बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट थर असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने अलगद निघतो. फार खोल गेला असेल तर कारागिराकडे जा.

यशिका एफएक्स-३, पेंटॅक्स के१००० यांसारख्या कॅमेऱ्यांचं शटर यांत्रिक आहे. बॅटरी संपली तर फक्त उजेड मोजणारा मीटर बंद पडतो, फोटो निघतो. नवशिक्याने असाच कॅमेरा बघावा. आजोबांचा आग्फा क्लिक-३ निघाला तर आनंद माना, पण त्याला रुंद १२० चा रोल लागतो आणि एका रोलवर १२ च फोटो येतात. पहिल्या प्रयोगासाठी तो नको.

वापरलेला डिजिटल घेताना आकाशाचा एक फोटो एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. शटर किती वेळा पडलंय तेही विचारा. सुरुवातीच्या श्रेणीतले कॅमेरे साधारण लाखभर क्लिकच्या हिशेबाने बनवलेले असतात. मूळ बिल मागा, बॉडीचा क्रमांक बिलाशी ताडून बघा आणि त्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चोरीचा माल गळ्यात पडला तर स्वस्त मिळाल्याचा आनंद फार दिवस टिकत नाही.

३. रोल कोणता

पहिला रोल आयएसओ २०० चा साधा रंगीत निगेटिव्ह घ्या. आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची ताकद, आकडा मोठा तसा कमी उजेड पुरतो. कोडॅक गोल्ड चालेल, कलरप्लस चालेल. कृष्णधवलची हौस असेल तर इल्फर्ड एचपी५ घ्या, तो आयएसओ ४०० आहे.

इथे तीन सापळे आहेत. पहिला, मुदत उलटलेला रोल. माझ्या वडिलांच्या कपाटात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल निघाला होता आणि मी तो हौसेने घातला. राखाडी धुक्याशिवाय काही आलं नाही. असले रोल काचेच्या कपाटात शोभतात.

दुसरा, सिनेमाचा रोल कापून छोट्या डब्यांत भरलेला माल. तो स्वस्त दिसतो. पण अशा बऱ्याच रोलच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो आणि त्याला सिनेमाची वेगळी प्रक्रिया लागते. साधा रंगीत रोल ज्या सी-४१ प्रक्रियेत धुतला जातो तिच्यात हा थर सुटला तर लॅबवाल्याचं सगळं रसायन खराब होतं. त्यामुळे तो घेणार नाही, आणि न सांगता दिलात तर पुन्हा तुम्हाला दारात उभं करणार नाही.

तिसरा सापळा कृष्णधवल रोलचा. तो साध्या रंगीत मशिनमध्ये धुता येत नाही, कारण तिथे चांदीची प्रतिमाच विरघळून जाते. इल्फर्डचा एक्सपी२ हा अपवाद. तो कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुतात. डब्यावर प्रक्रियेचं नाव छापलेलं असतं, ते वाचून मगच पैसे द्या.

उन्हाळ्यात रोल गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, डिकीत त्याहून वर. रोल फ्रिजमध्ये ठेवला तर उत्तमच, फक्त वापरण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून डबीतच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं. आमच्याकडे तो कोथिंबिरीच्या डब्याशेजारी असतो आणि आई दर वेळी विचारते, "हे औषध कुणाचं?"

४. रोल भरताना

सिन्नरला मामेबहिणीचा साखरपुडा. मी मोठ्या रुबाबात वडिलांचा कॅमेरा घेऊन गेलो. अंगठी, पेढे, मामाचे डोळे, सगळं टिपलं. काउंटर ३७ वर गेला, ३८, ३९. मला वाटलं, वा, तीन फोटो फुकट मिळाले. ४० वर शंका आली. झाकण उघडलं तर रोलची जीभ पहिल्याच फिरकीत निसटलेली, आणि सगळा रोल डबीत जसाच्या तसा बसलेला. एकही फोटो नाही. बहीण अजून दर राखीला हा विषय काढते.

म्हणून हे पाठच करा. रोल भरून झाकण लावलं की डावीकडची रिवाइंडची मूठ रोल डबीत परत घ्यायच्या दिशेने हलकेच फिरवून ढिलाई काढून घ्या. मग पुढचा फोटो ओढताना त्या मुठीकडे बघा. ती स्वतःहून फिरली पाहिजे. फिरत नसेल तर रोलची जीभ पलीकडच्या फिरकीत नीट बसलेली नाही. झाकण उघडा आणि पुन्हा भरा. हे फक्त सुरुवातीलाच करायचं, मध्ये झाकण उघडाल तर काढलेले फोटो जातील.

संपल्यावर कॅमेऱ्याच्या तळाचं बारीक बटण दाबा आणि मगच मूठ फिरवून रोल डबीत परत घ्या. बटण न दाबता जोर लावला की रोल फाटतो. आणि आयएसओची चकती रोलप्रमाणे लावायला विसरू नका. जुना कॅमेरा आपोआप ओळखत नाही.

५. रामकुंडावरची सकाळ

आता तो प्रयोग गोदावरीच्या काठी, रामकुंडावर करू. पिशवीत एवढं असू द्या: दोन्ही कॅमेरे, रोल, रिकामं कार्ड, दोघांच्या जादा बॅटऱ्या, छोटी वही, शिसपेन्सिल, मऊ कापड आणि प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी. काठ ओला असतो आणि बादलीने पाणी ओतणारे कॅमेरा बघून थांबत नाहीत.

दोन्ही कॅमेऱ्यांची नजर सारखी करा. फिल्मवर ५० मिमी लेन्स असेल तर लहान सेन्सरच्या डिजिटलवर १८-५५ झूम साधारण ३५ वर ठेवा. दोन्हींतून जवळपास तेवढंच दिसतं. आयएसओ दोन्हीकडे २००. डिजिटलवर फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेल्या मूळ रूपात, साठवा.

सूर्य पंचवटीच्या बाजूने वर येतो. त्यामुळे सकाळी नाशिककडच्या काठावरून नदीकडे बघितलं तर उजेड समोरून येतो, आणि पंचवटीच्या काठावरून बघितलं तर पाठीमागून. दोन्ही काठांवर जा. एकूण १२ विषय निवडा. फिल्मवर प्रत्येकाचे तीन फोटो काढा: एक मीटर सांगेल तसा, एक त्याहून दुप्पट उजेडाचा, एक निम्म्याचा. १२ त्रिक ३६, रोल बरोबर संपतो. डिजिटलवरही तसेच काढा.

विषय निवडताना मीटरला फसवणारी दृश्यं मुद्दाम घ्या. नारोशंकर मंदिराचा काळा दगड घ्या. मीटरला वाटतं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे, म्हणून काळा दगड दिसला की तो जास्त उजेड मागतो आणि काळ्याचा करडा करून ठेवतो. तिथे एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्या. वाळत घातलेली पांढरी धोतरं उलटं करतात. मीटर उजेड कमी करतो आणि धोतर मळकं येतं. तिथे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या. काळाराम मंदिराच्या दगडी भिंतींपुढे पांढऱ्या साडीतली आजी बसली असेल तर मीटर बाजूला ठेवा आणि स्वतःचं डोकं चालवा.

मीटर बंद असेल तरी घाबरू नका. जुना नियम आहे: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर आयएसओच्या जवळपास, म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. ऊन धुरकट असेल तर एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, इमारतीच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा ४. माझ्या वडिलांना हे रोलच्या खोक्यात येणाऱ्या कागदावरून पाठ होतं.

मग समोरच्या उजेडातलं चमकणारं पाणी घ्या. इथे दोन्हींचा स्वभाव उघड होतो. रंगीत निगेटिव्ह जास्त उजेड खपवून घेतो. दोन स्टॉप जास्त झाला तरी पाण्यावरच्या चमकेत काहीतरी शिल्लक राहतं. उजेड कमी पडला तर मात्र सावल्या चिखल होतात. डिजिटलमध्ये चमक एकदा पांढरीफटक झाली की गेली, पण रॉ फाइलच्या अंधारातून बरंच काही उपसून काढता येतं. थोडक्यात, फिल्मवर सावलीकडे बघून मोजा, डिजिटलवर उजेडाकडे बघून. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे सहा-सात रोल वाचले असते.

परत येताना भांडी बाजाराच्या किंवा सराफ बाजाराच्या अरुंद गल्लीत शिरा. तिथे उजेड कमी. डिजिटल आयएसओ १६०० वर नेऊन निवांत काम करतो आणि तुमचा २०० चा रोल हातात धरून काही उपयोगाचा राहत नाही.

प्रत्येक फोटोनंतर वहीत क्रमांक, एफ आणि शटर लिहा. डिजिटल हे स्वतः लिहून ठेवतो. फिल्मवरची चूक तुम्हाला दोन-तीन आठवड्यांनी कळणार आहे, तोवर काय केलं होतं ते आठवत नाही. वही नसेल तर फिल्मवर शिकणं होत नाही, नुसता खर्च होतो.

लोकांचे चेहरे काढताना विचारा. घाटावर लोक दशक्रियेलाही आलेले असतात. तिथे कॅमेरा खाली.

६. रोल धुवायला टाकताना

नाशिकमध्ये एकेकाळी चौकाचौकात तासाभरात फोटो देणाऱ्या लॅब होत्या. आता रंगीत रोल धुणारं ठिकाण शोधावं लागतं, आणि बरेच हौशी मुंबई-पुण्याला कुरिअरने पाठवतात. कुठेही टाका, पण आधी चार गोष्टी विचारा: रोल किती दिवसांनी मशिनमध्ये जाईल, रसायन शेवटचं कधी बदललं, स्कॅन किती पिक्सेलचं मिळेल, आणि निगेटिव्ह परत मिळतील का.

शेवटचा प्रश्न विसरू नका. एका लॅबने मला स्कॅन मेल केले आणि निगेटिव्ह कचऱ्यात टाकले. विचारलं तर म्हणाले, "फोटो मिळाले ना साहेब?" निगेटिव्ह हाच मूळ फोटो, स्कॅन ही त्याची नक्कल. तेव्हापासून मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहितो: निगेटिव्ह परत हवेत, एकेक फ्रेम कापू नका, सहा-सहाच्या पट्ट्या करा.

७. दोन्ही शेजारी ठेवून बघा

एक खोड लक्षात ठेवा. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने उजळ किंवा गडद करतो. तुम्ही एक स्टॉप कमी-जास्त दिलेले तिन्ही फोटो सारखेच दिसले तर ती करामत स्कॅनरची आहे. खरं उत्तर निगेटिव्हवर. पट्टी खिडकीपुढे धरा: पातळ, पारदर्शक फ्रेमला उजेड कमी पडलेला असतो, दाट, काळपट फ्रेमला जास्त मिळालेला. आता वही उघडा आणि ताडून बघा.

मग फोटो मोबाइलवर बघू नका. आवडलेल्यांतले चार फिल्मचे, चार डिजिटलचे असे आठ प्रिंट सहा बाय चार आकारात काढून घ्या, मागे पेन्सिलने खूण करा आणि घरच्यांपुढे टाका. कोणता कशाचा ते सांगू नका. आमच्या घरी बायकोने फिल्मचे म्हणून उचललेल्या चारांतले तीन डिजिटलचे निघाले. रंगावरून माझं तेव्हापासून भांडण नाही.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने डिजिटल. चूक त्याच क्षणी दिसते आणि हात लवकर बसतो. मात्र रोल कुरिअरला दिल्यापासून स्कॅन येईपर्यंतच्या दिवसांत तुम्हाला कंटाळा आला की हुरहूर लागली, ते प्रामाणिकपणे आठवा. कंटाळा आला असेल तर यशिका शोकेसमध्ये ठेवा, त्यात लाज काही नाही. हुरहूर लागली असेल तर महिन्याला एक रोल ठरवून घ्या, दोन नको.

८. कुठे काय न्यायचं

नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी फक्त डिजिटल. लांब लेन्स, पटापट फोटो, आणि बगळा उडेपर्यंत ३६ संपलेले असतात. हे निफाड तालुक्यातलं अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, त्यामुळे हिवाळ्यात गर्दी असते, लवकर निघा.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, तिथे महागाचं काहीच नेऊ नका. कोडॅक केबी-१० सारखा जुना प्लॅस्टिकचा कॅमेरा पारदर्शक पिशवीत बांधा आणि उतरा. बिघडला तर बिघडला.

पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे. हातात धरून फोटो काढता येतात, तिवईला परवानगी लागते. त्र्यंबकेश्वर मंदिरात कॅमेरा नेता येत नाही. आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, ओझरचा विमान कारखाना यांच्या आसपास कॅमेरा बाहेर काढूच नका, उजेड कितीही सुंदर असो. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने न धुतलेला रोल धुरकटतो.

९. घरी धुवायचा असेल तर हिवाळा गाठा

रंगीत रोल घरी धुवायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका. त्याचं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, सुमारे ३८ अंशांवर नेमकं ठेवावं लागतं. कृष्णधवल मात्र जमतो. अंधारात रोल हाताळायची काळी चेंजिंग बॅग, रोल धुवायची बंद टाकी, डी-७६ डेव्हलपर, हायपो म्हणजे फिक्सर, थर्मामीटर, मापाचं भांडं आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, एवढंच लागतं. एचपी५ ला न पातळ केलेल्या डी-७६ मध्ये २० अंशांवर साडेसात मिनिटं.

अडचण त्या २० अंशांची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, बर्फ टाकत बसावं लागतं. पण डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या, द्राक्षवाल्यांच्या बागांत शेकोट्या पेटल्या, की नळाचं पाणी नाममात्र कोमट केलं तरी काम होतं. मी वर्षभराचे कृष्णधवल रोल साठवून याच दिवसांत धुतो.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमाची फिल्म त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच धुवायच्या, छिद्रं पाडण्यासकट. आपल्याला तर रोलची एक टाकी हलवायची आहे. आधी एक वाया गेलेला रोल घेऊन तो उजेडात टाकीतल्या रिळावर चढवायचा सराव करा, मग डोळे मिटून, मग बॅगेत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत किंवा नदीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा आणि कुणी चांदी काढून घेणारा असेल तर त्याला द्या.

१०. साठवण

डिजिटलच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. कार्डावर एकमेव प्रत ठेवून झोपू नका.

निगेटिव्ह पारदर्शक पट्ट्यांच्या पाकिटात घालून फाइल करा. पावसाळ्यात ती फाइल आणि लेन्स हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरा, पण तो तवा मग स्वयंपाकाला नको. पाकिटावर तारीख, जागा, कॅमेरा आणि वहीतलं पान लिहा. पट्टी आत सरकवण्याआधी लिहा, पेन्सिलने. नंतर बॉलपेन दाबून लिहिलं की त्याचा वळ निगेटिव्हवर उमटतो.